हौदाचे झाकण

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या चौकात एक दगडी हौद होता. पुरुषभर लांब आणि मोठ्या माणसाच्या कमरेइतका खोल. त्यावर सागवानी फळ्यांचे एक जड झाकण असे. दिवेलागणीला ते हौदावर ओढून त्याची कडी लावायची, हा माझ्या आजीचा नेम. देवापाशी दिवा एखादे दिवशी उशिरा लागे. झाकणाला मात्र उशीर झाल्याचे मला आठवत नाही. आम्ही मुले उन्हाळ्यात त्या हौदात पाय सोडून बसायला उत्सुक असू, आणि त्या झाकणाचा आम्हांला राग येई. कारण विचारले तर "लेकराबाळांचे घर आहे," एवढेच उत्तर मिळे.

पुष्कळ वर्षांनी, आजी गेल्यानंतर, थोरल्या आत्याने सांगितले की वडिलांची एक धाकटी बहीण होती. दीड-दोन वर्षांची असताना ती या हौदात गेली. दुपारची वेळ होती, घरात आठ-दहा माणसे होती, आणि कोणालाही काही ऐकू आले नाही. झाकण त्यानंतर सुताराकडून करून घेतलेले. त्या मुलीचे नाव घरात कोणी घेत नसे. झाकण मात्र रोज लावले जाई.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. २०२३ च्या डिसेंबरात मुलीकडे मेलबर्नला गेलो तेव्हा ती पुन्हा आठवली. तिकडे तो ऐन उन्हाळा. जावईबापूंनी दुकानातून एक मोठे खोके आणले होते. त्यात प्लास्टिकचे अस्तर, लोखंडी नळ्या, एक लहानसा पंप आणि एक शिडी, असा घडीचा तलावच होता. दोन तासांत तो परसात उभा राहिला, नळी लावून पाणी भरणे सुरू झाले, नातू आनंदाने नाचू लागला. तेवढ्यात शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तलाव छान आहे. पण त्याचे कुंपण कुठे आहे?" व्हिक्टोरिया राज्याच्या नियमानुसार ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम फूटभरापेक्षा, अधिक खोल पाणी राहू शकेल अशा घरच्या तलावाला सुरक्षित आडोसा लागतो, आणि जोडून उभा करायचा तलावही त्यातून सुटत नाही, हे आम्हांला त्या दिवशी कळले. पाणी सोडून द्यावे लागले. नातू रुसला. मला मात्र आजीची कडी ऐकू आली.

हा नियम आला कोठून, या कुतूहलाने नंतर जे वाचन झाले, त्याचे फलित म्हणजे हा लेख. अंगणातल्या पाण्याचा हा इतिहास प्रामुख्याने अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथला आहे. पण आपल्यांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आता तेथे राहतात, आणि ती खोकी आता आपल्याकडच्या गच्च्यांवरही उघडली जाऊ लागली आहेत.

घरचा तरणतलाव ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत धनिकांची चैन होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांबाहेर घरांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, मध्यमवर्गीयाला परसदार मिळाले आणि त्या परसात पाण्याची हौस आली. कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात उद्यानरचनाकार टॉमस चर्च यांनी १९४८ साली डॉनेल कुटुंबासाठी मूत्रपिंडाच्या आकाराचा एक तलाव केला; त्याची छायाचित्रे मासिकांतून गाजली आणि असा तलाव हे सुखी घराचे चिन्ह होऊन बसले. ज्यांना जमीन खोदून काँक्रीट ओतणे परवडत नव्हते त्यांच्यासाठी जमिनीवर उभा करण्याचा तलाव निघाला. पत्र्याची गोल भिंत आणि आत प्लास्टिकचे अस्तर, एवढीच त्याची रचना. पुढे पत्र्याची जागा नळ्यांच्या सांगाड्याने घेतली, आणि मग असेही तलाव आले की ज्यांचे वरचे कडे तेवढे हवेने फुगवायचे. पाणी भरत जाते तसतशी भिंत आपोआप वर उचलली जाते. किंमत उतरत गेली, आणि तलाव हे बांधकाम न राहता बाजारातून आणायची वस्तू झाली.

या एका बदलात पुढच्या सगळ्या अडचणींचे बीज आहे. तलाव बांधायचा तर गवंडी येतो, नकाशा होतो, नगरपालिकेची परवानगी लागते. त्या निमित्ताने चार जाणती माणसे जागा पाहून जातात. खोके मात्र थेट घरात येते. ते उघडणाऱ्याला पाण्याच्या वजनाचाही अंदाज नसतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक हजार किलो. साडेचार मीटर व्यासाच्या तलावात मीटरभर पाणी भरले तर त्याचे वजन सुमारे सोळा टन होते. जमीन एका बाजूला उतरती असेल तर हा सारा भार त्या बाजूच्या भिंतीवर रेलतो, आणि कागदासारखी घडी होणारी ती भिंत फाटली की पाण्याबरोबर माणूसही वाहत जातो. म्हणून जागा सपाट आणि घट्ट हवी, खडे-मुळ्या काढलेली हवी, हा या तलावाचा पहिला धडा.

गरम पाण्याच्या टबाची कुळकथा वेगळी आणि अधिक विलक्षण आहे. इटलीच्या फ्रिउली प्रांतातून कॅलिफोर्नियात गेलेले जकुझ्झी नावाचे सात भाऊ प्रारंभी विमानांचे लाकडी पंखे तयार करीत. त्यांनी स्वतःचे विमानही बनवले. पण १९२१ साली त्यांच्या विमानाला अपघात होऊन एक भाऊ दगावला, आणि कुटुंबाने विमानांचा नाद सोडून विहिरींच्या पंपांचा व्यवसाय धरला. भावांपैकी कँडिडो यांच्या लहान मुलाला सांधेवाताने ग्रासले. इस्पितळात गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी त्याला आराम पडतो, हे पाहून त्यांनी घरच्या न्हाणीटबात सोडता येईल असा पंप तयार करवला, आणि १९५६ साली तो पंप बाजारात आला. म्हणजे हे यंत्र चैनीसाठी नव्हे, तर एका आजारी मुलाच्या वेदनेपोटी जन्माला आले, आणि मुळात ते उचलून नेण्याजोगेच होते. १९६८ मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकुझ्झी यांनी टबाच्या अंगातच फवारे बसवले, आणि औषध होते ते विलास झाले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील तरुण मंडळी द्राक्षमद्याची जुनी लाकडी पिंपे परसात मांडून त्यांत गरम पाणी भरून बसू लागली होती. हे दोन प्रवाह मिळून आजचा हॉट टब झाला. फुगवून उभा करायचा टब हे त्याचे सर्वांत अलीकडचे रूप.

या सुखाची किंमत कोणी कोणी आणि कशी मोजली, ते आता पाहू. सुरक्षिततेचे नियम कार्यालयात बसून सुचलेले असतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकांच्या मागे कोणाचा तरी मृत्यू असतो.

पहिला प्रश्न उष्णतेचा. गरम पाण्यात शरीराला घाम सुकवून थंड होता येत नाही. बाहेरचे पाणी शरीराहून गरम असेल तर उष्णता उलट आत येते. १९७० च्या दशकात लोक तासन्‌तास, आणि पुष्कळदा मद्य घेऊन, अशा पाण्यात बसत. झापड येई, आणि काही जण पुन्हा उठले नाहीत. अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने १९७९ साली याबाबत जाहीर इशारा दिला. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, ही आज सर्वत्र रूढ झालेली मर्यादा त्यातून आली. निरोगी माणसानेही एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे व रक्तदाबाचे रुग्ण यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि लहान मुलांना त्यापासून दूरच ठेवावे, कारण त्यांचे अंग मोठ्यांच्या मानाने फार लवकर तापते.

दुसरा प्रश्न विजेचा. ओल्या अंगाच्या माणसाला फारच थोडा प्रवाह घातक ठरतो, आणि घरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही. फ्यूज तारांना वाचवतो, माणसाला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी मानवी शरीरावर विजेचा काय परिणाम होतो याचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि १९६१ मध्ये असे उपकरण सिद्ध केले की जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांत काही हजारांश अँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. १९६८ च्या अमेरिकन विद्युतसंहितेने तरणतलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी हे संरक्षण आवश्यक केले, आणि पुढे तलावाजवळच्या व घराबाहेरच्या प्लगांनाही ते लागू झाले. आपल्याकडे ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते याच तत्त्वावर चालते. अंगणातल्या तलावाचा पंप किंवा टबाचा हीटर त्याच्याशिवाय, किंवा घरातून ओढलेल्या लांब एक्स्टेन्शन वायरवर, कधीही चालवू नये.

तिसरा प्रश्न ओढीचा. पंप पाणी ज्या तोंडातून खेचतो, त्यावर शरीराचा भाग बसला की निर्वात पोकळी होते, आणि ती ओढ दोन-दोन मोठ्या माणसांनाही सोडवत नाही. २००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात एका हॉट टबच्या निचऱ्याला अशीच खिळली आणि बुडून गेली. तिला पोहता येत होते. आई तिला सोडवण्याची पराकाष्ठा करीत होती. त्या आईने पुढे वर्षानुवर्षे खटपट केली, आणि डिसेंबर २००७ मध्ये त्या मुलीच्या नावाचा कायदा अमेरिकेत संमत झाला. सार्वजनिक तलावांच्या व टबांच्या निचऱ्यावर ओढ अडवणारी जाळी त्याने सक्तीची केली. घरी एवढे तरी करावे की जाळी तुटली किंवा सैल झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात कोणी उतरू नये, लांब केस बांधलेले असावेत, आणि पंपाचा खटका कोठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे.

चौथा प्रश्न डोळ्यांना न दिसणारा. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनानंतर जो न्यूमोनिया पसरला, त्यातून लेजिओनेला या जंतूची ओळख पटली. कोमट पाणी ही त्याची आवडती जागा. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल या गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या फवाऱ्याच्या टबातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांनी येणाजाणाऱ्यांना बाधा झाली आणि किमान ३२ माणसे दगावली. टबात कोणी उतरलेही नव्हते. शेजारून चालत जाणे पुरे झाले. गरम आणि खळखळत्या पाण्यातून क्लोरीन लवकर उडून जातो. म्हणूनच अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र साध्या तलावात दहा लाख भागांत किमान एक भाग मुक्त क्लोरीन ठेवायला सांगते, तर गरम टबात किमान तीन. पाणी स्वच्छ दिसते, यावर विसंबून चालत नाही. मोजपट्टी बुडवून पाहावी लागते.

हे चारही धोके यंत्रामुळे आलेले आहेत आणि त्यांवर यांत्रिक उपाय निघाले. पाचवा धोका मात्र यंत्राहून जुना, आमच्या हौदाइतका जुना आहे. तो म्हणजे लहान मूल आणि उघडे पाणी. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचे चित्रण करून दाखवून दिले की बुडणारा हाका मारत नाही, हात हलवत नाही. श्वासासाठीच त्याची सारी शक्ती खर्च होते, आणि वीस ते साठ सेकंदांत तो पाण्याखाली जातो. "कोणालाही काही ऐकू आले नाही," हे आत्याचे वाक्य मला हे वाचताना आठवले. घरातल्यांचे दुर्लक्ष झाले असे नव्हे. ऐकू येण्यासारखे काही नव्हतेच.

या धोक्यावरचा कायदा देशोदेशी कसा झाला हे पाहणे उद्बोधक आहे, कारण सारा प्रश्न एका व्याख्येवर येऊन थांबतो: तलाव म्हणजे काय? फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने घरच्या तलावांना कुंपण, झाकण, गजर किंवा आच्छादन यांपैकी एक सक्तीचे केले. पण ते जमिनीत पूर्ण वा अर्धवट खोदलेल्या तलावांना. जमिनीवर उभा केलेला तलाव त्यातून सुटला. याउलट न्यूझीलंडने १९८७ मध्येच केलेल्या कायद्यात तलावाची व्याख्या करताना खोदकाम, बांधकाम यांच्या जोडीला 'वस्तू' हा तिसरा शब्द घातला. या एका शब्दाने दुकानातले खोके कायद्याच्या कक्षेत आले. पाणी ४०० मिलिमीटरपेक्षा खोल राहू शकत असेल तर तो तलावच. मुलाला तलाव खोदलेला की विकत आणलेला हे कळत नाही, ही साधी गोष्ट त्या मसुदाकारांनी ओळखली होती.

ती न ओळखण्याची किंमत आकड्यांत दिसते. २००१ ते २००९ या काळात अमेरिकेत अशा सुट्या, हलवता येण्याजोग्या तलावांत बारा वर्षांखालील २०९ मुले दगावल्याची नोंद २०११ साली बालरोगविषयक एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकूण अपघातग्रस्त मुलांपैकी ९४ टक्के पाच वर्षांखालची होती, आणि बहुतेक दुर्घटना मुलाच्या स्वतःच्या घरच्या आवारात घडल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये तीन उत्पादकांनी मिळून १.२ मीटर व त्याहून उंच असे सुमारे ५० लाख तलाव दुरुस्तीसाठी परत मागवल्याचे जाहीर केले. कारण वरकरणी क्षुल्लक होते: भिंतीच्या नळ्यांना बाहेरून घट्ट धरणारा एक पट्टा. त्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मूल वर चढू शकते. २००७ ते २०२२ या काळात नऊ मुले अशा रीतीने गेली असावीत, असे आयोगाने म्हटले. ऑस्ट्रेलियात कुंपणाची किमान उंची १.२ मीटरच असते. म्हणजे त्या तलावाची भिंत उंचीने कुंपणाएवढीच होती, पण तिला पायरी होती. कुंपणाचे बाकीचे नियम याच अनुभवातून आलेले आहेत: दोन गजांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको; फाटक तलावापासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि आपोआप मिटून आपोआप कडी लागणारे हवे; आणि जवळपास खुर्ची, कुंडी, झाड असे चढायला आधार देणारे काही नको.

न्यूझीलंडच्या कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली. तीत लहान गरम टबांना कुंपणातून सूट मिळाली. मात्र त्यांचा पृष्ठभाग ५ चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, कड जमिनीपासून किमान ७६० मिलिमीटर उंच असावी, आणि त्यांवर मुलाला उघडता न येणारे, कडीचे भक्कम झाकण असावे. हे वाचताना मी क्षणभर थांबलो. आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात एका निरक्षर बाईने एका सुताराकडून जे करून घेतले होते, तेच येथे कलमांत लिहिलेले होते.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील आपली जुनी घरे जाऊन तेथे मजले उभे राहिले. अंगण उरले नाही, म्हणून नातवंडांसाठी आणलेला फुगवायचा तलाव गच्चीवर किंवा बाल्कनीत मांडला जातो. तेथे वजनाचा हिशेब आधी करावा. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या वापरातल्या गच्चीसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, पंधरा सेंटिमीटर पाण्यानेच तो संपतो. त्यावर माणसे वेगळीच. म्हणून स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय गच्चीवर मोठा तलाव भरू नये. दुसरे, आपल्या हवेत साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचे पाळणाघर. क्लोरीन व गाळणी नसलेला लहान तलाव रोजच्या रोज रिकामा करून पालथा घालावा. त्याने डासही टळतात आणि बाळही वाचते, कारण रांगत्या मुलाला बुडायला काही इंच पाणी पुरते. मोठा तलाव असेल तर खेळ संपताच शिडी काढून कुलपात ठेवावी, पाण्यात खेळणी तरंगत ठेवू नयेत, आणि मुले पाण्यात असताना एका ठरावीक माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहावे. "सगळे आहेत की तिथे," या भरवशाइतका धोका दुसरा नाही; आमच्या वाड्यात त्या दुपारी सगळे होते.

मेलबर्नचा तलाव पुढे उभा राहिला; पण तीन आठवड्यांनी, भोवती कुंपण आल्यावर. नातवाने पहिल्याच दिवशी ते फाटक उघडायचा कसून प्रयत्न केला आणि त्याला ते जमले नाही, तेव्हा तो रागाने मला म्हणाला, "आजोबा, हे कशाला लावले?" मी त्याला आजीचे उत्तर दिले नाही. त्याला मी त्याच्या पणजोबांच्या चौकातला हौद, आणि त्यात गेलेली माझी दीड वर्षांची आत्या, यांची गोष्ट त्याच्या वयाला झेपेल तेवढी सांगितली. आमच्या घरात ती गोष्ट लहान मुलासमोर बोलली गेली ती पहिल्यांदाच. त्यानंतर फाटकाची कडी नीट लागली की नाही हे तोच रोज संध्याकाळी ओढून पाहू लागला.